विश्लेषण : त्वचा बधिर करणारे मलम औषध दुकानात तयार करणे इतके नाजूक काम का?

लहान मुलाला सलाइनची सुई टोचण्याआधी, त्वचेवरचा मस काढण्याआधी किंवा लेझरने केस काढण्याआधी त्या जागी पांढरे मलम लावून तासभर थांबायला सांगतात. नंतर ती जागा बधिर होते. तयार ट्यूब बाजारात मिळतेच. पण अनेक देशांत, विशेषतः अमेरिकेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार फार्मासिस्ट असे मलम स्वतः मिसळून देतात. दोन-तीन पांढऱ्या पावडरी आणि एक क्रीम, यात अवघड ते काय, असे वाटू शकते. प्रत्यक्षात हे मलम काम करणारे, काही आठवडे न बिघडणारे आणि जिवाला धोका न करणारे व्हावे यासाठी रसायनशास्त्राच्या दोन-तीन परस्परविरोधी अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. त्या न पाळल्यामुळे आणि मलमाची ताकद बेसुमार वाढवल्यामुळे माणसे दगावलीही आहेत.

साधे भुलीचे औषध त्वचेवर का चालत नाही?

व्हिएन्नातील डॉक्टर कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनचे थेंब डोळ्यात घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवले, तेव्हापासून स्थानिक भुलीचे युग सुरू झाले. मात्र डोळा, तोंड, नाक यांचे आवरण ओले आणि पातळ असते. अखंड त्वचेचे तसे नाही. तिच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत मेदाचा लेप असतो. पाण्यात विरघळणारा पदार्थ या मेदातून सहज आत जात नाही. आंघोळ करताना आपण पाणी शोषून फुगत नाही ते याच थरामुळे.

इथेच पहिली अडचण येते. आज सर्वाधिक वापरले जाणारे स्थानिक भुलीचे औषध म्हणजे लिडोकेन. भारतात त्याला लिग्नोकेन म्हणतात आणि दातांच्या दवाखान्यात जाणाऱ्यांना ते ‘झायलोकेन’ या व्यापारी नावाने ठाऊक असते. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये ते तयार केले, त्यांचे सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःच्या शरीरावर करून पाहिले आणि अ‍ॅस्ट्रा कंपनीने १९४८ मध्ये बाजारात आणले. इंजेक्शनमध्ये हे औषध हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात असते, कारण तो क्षार पाण्यात उत्तम विरघळतो. पण पाण्यात विरघळणारे ते रूप विद्युतभारित असते आणि त्वचेच्या मेदाला ते अजिबात मानवत नाही. म्हणून इंजेक्शनची बाटली क्रीममध्ये ओतून चालत नाही. त्वचेतून आत जायला औषधाचे दुसरे रूप, म्हणजे भाररहित आम्लारी रूप लागते. ते मेदात विरघळते, पण पाण्यात जवळपास नाही.

कोणते रूप किती असेल हे सामू, म्हणजे मिश्रण आम्ल की अल्क, यावर ठरते. लिडोकेनसाठी हा तराजू सामू ७.९ च्या आसपास समतोल असतो, म्हणजे निम्मे औषध एका रूपात आणि निम्मे दुसऱ्या. सामू दोन अंकांनी खाली, ५.९ वर आणला, तर त्वचेत शिरू शकणारे रूप उरते जेमतेम एक टक्का. उलट सामू ९.४ वर नेला तर ते सुमारे ९७ टक्के होते. औषध तेच, वजन तेच, फक्त सामू बदलल्याने मलम एक तर निरुपयोगी किंवा प्रभावी. बहुतेक तयार क्रीम त्वचेला मानवावीत म्हणून किंचित आम्ल ठेवलेली असतात. त्यामुळे हाताशी असलेल्या कोणत्याही क्रीममध्ये लिडोकेन ढवळून ‘मलम झाले’ असे मानणे फसवे आहे.

अमृतधारेचा आणि या मलमाचा काय संबंध?

आम्लारी रूप निवडले की दुसरी अडचण उभी राहते. हे रूप घन असते. लिडोकेन सुमारे ६८ अंश सेल्सिअसला वितळते. त्वचेचे तापमान त्याच्या निम्म्याहून थोडे कमी. क्रीममध्ये मिसळलेले कोरडे स्फटिक त्वचेवर स्फटिकच राहतात. त्यातून औषध फार सावकाश सुटते. तेलात विरघळवून क्रीम करता येते. पण मग औषधाला त्या तेलातच राहणे आवडते आणि त्वचेकडे जाण्याची ओढ कमी होते.

यावरचा तोडगा ओवाफूल, पुदिनाफूल आणि कापूर घरात ठेवणाऱ्या कोणालाही ओळखीचा वाटेल. तिन्ही कोरडे, घन पदार्थ. एका बाटलीत घालून हलवले की काही वेळात त्यांचे पाणी होते आणि अमृतधारा तयार होते. कोणी तापवलेले नसते, कशात विरघळवलेले नसते. दोन किंवा अधिक घन पदार्थ विशिष्ट प्रमाणात एकत्र आले की प्रत्येकाचा रेणू दुसऱ्याच्या स्फटिकाची रचना मोडतो आणि मिश्रणाचा द्रवणांक त्यातील प्रत्येकापेक्षा खाली येतो. रसायनशास्त्रात याला ‘युटेक्टिक’ मिश्रण म्हणतात.

अ‍ॅस्ट्राच्या स्वीडनमधील संशोधकांनी १९८० च्या आसपास हेच केले. लिडोकेनचा भाऊ शोभावा असे प्रिलोकेन नावाचे औषध आहे; तेही लोफग्रेन यांच्याच गटातून आलेले. ते एकटे ३७-३८ अंशांना वितळते. दोन्ही समप्रमाणात मिसळली की मिश्रण सुमारे १८ अंशांनाच वितळते. म्हणजे नेहमीच्या खोलीत ते तेलासारखे द्रव असते. हे ‘तेल’ म्हणजे दुसऱ्या कशात विरघळलेले औषध नव्हे, जवळजवळ शुद्ध औषधच. त्याचे बारीक थेंब पाण्यात तरंगत ठेवले की प्रत्येक थेंबात औषधाचे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत जाते. मात्र संपूर्ण मलमात ते दोन्ही मिळून फक्त ५ टक्के असते. त्वचेला जे भिडते ते दाट, आणि शरीरात जाऊ शकणारे एकूण औषध मर्यादित. या मलमाचे यश या एका युक्तीत आहे. ‘एम्ला’ हे त्याचे व्यापारी नावही ‘युटेक्टिक मिक्स्चर ऑफ लोकल अ‍ॅनेस्थेटिक्स’ याची आद्याक्षरे आहेत. अमेरिकेत त्याला १९९२ मध्ये परवानगी मिळाली.

लावल्यावर झाकून एक तास ठेवल्यास सुमारे ३ मिलिमीटर आणि दोन तास ठेवल्यास सुमारे ५ मिलिमीटर खोलीपर्यंत बधिरता जाते. दहा मिनिटांत पुसून ‘हे मलम चालत नाही’ म्हणणारे बहुधा मलमावर नाही, घड्याळावर अन्याय करत असतात.

दुकानात मलम प्रत्यक्षात कसे तयार होते?

समजा ३० ग्रॅम मलम हवे आहे आणि प्रत्येक औषध २.५ टक्के. म्हणजे ७५० मिलिग्रॅम लिडोकेन आणि ७५० मिलिग्रॅम प्रिलोकेन, दोन्ही आम्लारी रूपात. पहिली मोठी चूक इथेच होऊ शकते. कपाटात क्षाराची आणि आम्लारीची बरणी शेजारी शेजारी असते, दोन्हींवर ‘लिडोकेन’ लिहिलेले असते, दोन्ही पावडरी पांढऱ्या. क्षार घेतला तर खलात कितीही घोटले तरी तेल होणार नाही. एका अर्थी ही सोयच आहे, कारण पावडर ओली झाली नाही की जाणकार हात थांबतो. दुसरी चूक दशांश चिन्हाची. २.५ च्या जागी २५ वाचले गेले तर ७५० मिलिग्रॅमचे साडेसात ग्रॅम होतात आणि ते मलम दिसायला, वासाला फारसे वेगळे नसते. म्हणून वजन आणि हिशेब दुसऱ्या व्यक्तीने तपासावा, अशी शिस्त चांगल्या फार्मसीत पाळली जाते.

दोन्ही पावडरी खलात घोटल्या की आधी चिकट होतात, मग ओघळू लागतात. लवकर व्हावे म्हणून हलकी ऊब दिली तरी चालते. (नागपूरच्या मे महिन्यात तर प्रिलोकेन बरणीतच वितळायला बसते.) या तेलात पायसीकारक मिसळतात, म्हणजे तेल आणि पाणी यांची फारकत होऊ न देणारा पदार्थ. मूळ एम्लामध्ये यासाठी हायड्रोजनयुक्त एरंडेलापासून केलेला पायसीकारक असतो.

दुसऱ्या भांड्यात पाण्यावर कार्बोमर भुरभुरतात. ही अतिशय हलकी पावडर असते आणि घाईने ओतली तर माशाच्या डोळ्यासारख्या गुठळ्या होतात, ज्या नंतर तासभर ढवळूनही मोडत नाहीत. ती पूर्ण भिजली की मिश्रण पातळ आणि आम्ल असते. मग तेल त्यात घालून वेगाने घुसळतात आणि शेवटी सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंब थेंब सोडतात. यामुळे दोन गोष्टी एकदम घडतात. कार्बोमरच्या साखळ्या भारित होऊन एकमेकींपासून दूर पळतात, पाणी धरून ठेवतात आणि पातळ द्रवाचे घट्ट जेल होते. त्याच वेळी सामू नऊच्या पुढे जातो आणि औषध त्वचेत शिरण्याजोग्या रूपात राहते. एकाच थेंबाने दोन कामे होतात, म्हणून ही कृती इतकी टिकली.

मात्र हेच कार्बोमर क्षारांना फार हळवे असते. जेलमध्ये थोडे मीठ पडले तरी ते पाण्यासारखे सैल होते. लिडोकेन हायड्रोक्लोराइड घातले तरी तेच होते, शिवाय औषधाचा धनभार आणि जेलचा ऋणभार एकमेकांना बांधून ठेवतात. चुकीची बरणी घेतल्याची शिक्षा अशी दुहेरी मिळते.

मलम ‘बिघडते’ म्हणजे नेमके काय होते?

दूध नासले की कळते, मलमाचे तसे नसते. त्याचे बिघडणे तीन वाटांनी होते.

डोळ्यांना दिसणारा बिघाड भौतिक असतो. तेलाचे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, वर साय येते, पाणी तळाशी सुटते. किंवा औषध पुन्हा स्फटिक होते आणि मलम बोटांना रवाळ लागते. ‘टिकावे म्हणून फ्रिजमध्ये ठेवा’ हा सरसकट सल्ला इथे उलटू शकतो, कारण मिश्रण १८ अंशांच्या खाली गेले की ते गोठून स्फटिक होण्याची शक्यता असते. लिडोकेनचे प्रमाण प्रिलोकेनपेक्षा बरेच वाढवले तरी हेच घडते. जास्तीचे लिडोकेन द्रवात मावत नाही. ‘जास्त औषध म्हणजे जास्त बधिरता’ हा समज या ठिकाणी रसायनशास्त्रच खोटा पाडते.

दुसरा बिघाड रासायनिक आणि तो दिसत नाही. लिडोकेन व प्रिलोकेन ही अमाइड जातीची औषधे असून पाण्यात, उष्णतेत बऱ्यापैकी दम धरतात. टेट्राकेन आणि बेन्झोकेन ही मात्र एस्टर जातीची. एस्टरचा दुवा पाण्याने तुटतो आणि अल्क मिश्रणात तो अधिक वेगाने तुटतो. म्हणजे ज्या सामूवर औषध त्वचेत उत्तम शिरते त्याच सामूवर ते मोडतेही. ब्रिटनमध्ये मिळणारे ४ टक्के टेट्राकेनचे तयार जेल फ्रिजमध्ये ठेवावे लागते ते यामुळेच. त्याचा गुण असा की ते ३० ते ४५ मिनिटांत काम करते, एम्लापेक्षा लवकर. अमेरिकेतील त्वचारोग दवाखान्यांत ‘बीएलटी’ नावाने चालणाऱ्या मलमात २० टक्के बेन्झोकेन, ६ टक्के लिडोकेन आणि ४ टक्के टेट्राकेन असते. म्हणजे दोन नाजूक एस्टर आणि एक दणकट अमाइड एका बरणीत. असे मलम पाण्यात करायचे की पाणीविरहित आधारात, हा प्रश्न त्याच्या आयुष्याचाच प्रश्न असतो. पाणी नसेल तर जल-अपघटन जवळपास थांबते.

तिसरा बिघाड जिवाणू-बुरशीचा. भुलीच्या औषधांना स्वतःलाच थोडाफार जंतुरोधक गुण असतो आणि मूळ एम्लामध्ये वेगळे परिरक्षक घातलेले नाही. पण हे एका विशिष्ट, तपासलेल्या कृतीबद्दलचे सत्य आहे. दुसऱ्या क्रीममध्ये, दुसऱ्या प्रमाणात, रुंद तोंडाच्या डबीत रोज बोट घालून वापरल्या जाणाऱ्या मलमालाही ते लागू होईल, असे गृहीत धरता येत नाही.

जखमेवरच्या जेलचा पेच काय आहे?

हनुवटी फुटलेल्या मुलाला टाके घालण्याआधी भुलीची सुई देणे म्हणजे मूल, आई-वडील आणि डॉक्टर या तिघांची परीक्षा. त्यासाठी १९८० च्या दशकात अमेरिकेत टेट्राकेन, अ‍ॅड्रेनालिन आणि कोकेन यांचे मिश्रण वापरले जाऊ लागले. ते चालायचे, पण तोंडासारख्या ओल्या आवरणावर लागले तर कोकेन वेगाने शोषले जाई आणि त्यातून झटके व मृत्यूही नोंदले गेले. मग कोकेनची जागा लिडोकेनने घेतली. आज ४ टक्के लिडोकेन, ०.१ टक्के अ‍ॅड्रेनालिन आणि ०.५ टक्के टेट्राकेन असलेले जेल अनेक रुग्णालयांच्या औषध विभागात तयार केले जाते. ते २० ते ३० मिनिटे ठेवतात. जखमेभोवतीची त्वचा पांढुरकी पडली की काम झाले असे समजतात.

इथे सगळी समीकरणे उलटी होतात. अ‍ॅड्रेनालिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे औषध जागेवरच राहते. पण ते हवा, प्रकाश आणि अल्क सामू या तिन्हींना घाबरते. ऑक्सिडीकरण झाले की द्रावण आधी गुलाबी, मग तपकिरी होते. ते टिकवायचे तर मिश्रण आम्ल हवे, सोबत सोडियम मेटाबायसल्फाइटसारखा ऑक्सिडीकरणरोधक, गडद बाटली आणि फ्रिज हवा. पण आम्ल मिश्रणात भुलीचे औषध त्वचेत शिरत नाही, हे वर पाहिलेच. मग हे जेल चालते कसे? कारण जखमेवर त्वचेचा तो वरचा थरच उरलेला नसतो. फाटलेल्या जागी क्षाररूपही थेट आत जाते. म्हणून हेच जेल सुई टोचण्याआधी अखंड त्वचेवर लावले तर विशेष उपयोग होत नाही. नावात तीच औषधे, हेतू तोच, तरीही एकाची कृती दुसऱ्याच्या जागी चालत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मलम किती दिवस टिकेल हे कोण ठरवते?

कंपनीच्या ट्यूबवर जी मुदत छापलेली असते तिच्यामागे महिनोन्‌महिन्यांच्या चाचण्या असतात. ठरावीक तापमानात व आर्द्रतेत नमुने ठेवायचे, ठरावीक दिवसांनी काढायचे आणि अखंड औषध व मोडलेले औषध वेगळे ओळखणाऱ्या उपकरणावर मोजायचे. दुकानात मिसळलेल्या मलमाला ही चैन नसते. म्हणून त्याला ‘मुदत’ नव्हे, तर ‘या तारखेनंतर वापरू नये’ अशी तारीख देतात. अमेरिकी औषधसंहितेच्या ७९५ क्रमांकाच्या प्रकरणात तिचे नियम आहेत आणि सुधारित नियम १ नोव्हेंबर २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार स्वतंत्र चाचणीचा आधार नसेल तर पाणी असलेल्या, परिरक्षक नसलेल्या मिश्रणाला फ्रिजमध्ये १४ दिवस, परिरक्षक असलेल्या मिश्रणाला ३५ दिवस, आणि मलमासारख्या पाणीविरहित मिश्रणाला जास्तीत जास्त १८० दिवस मिळतात. पाण्याला इतके महत्त्व का, हे आता सांगायला नको.

हे आकडे कमाल मर्यादा आहेत. त्यातला एखादा घटक लवकर बिघडणारा असेल तर तारीख अलीकडे आणणे फार्मासिस्टवर बंधनकारक असते. मूळ पावडरीच्या बरणीची मुदत आधी संपत असेल तरीही.

अमेरिकेत नेमके काय घडले?

२००७ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक सार्वजनिक इशारा दिला. लेझरने पायांवरचे केस काढताना दुखू नये म्हणून २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी बधिर करणारे मलम लावले आणि मिळालेल्या सूचनेप्रमाणे पाय प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळले. दोघींना झटके आले, त्या कोमात गेल्या आणि मरण पावल्या. मलमे फार्मसीत तयार केलेली होती आणि त्यांत लिडोकेन व टेट्राकेनचे प्रमाण जास्त होते. त्याआधी, डिसेंबर २००६ मध्ये, अशी मलमे ठोक प्रमाणात बनवणाऱ्या पाच फार्मसींना प्रशासनाने ताकीद दिली होती. आक्षेप असा की एका रुग्णासाठी एक मलम, ही कल्पना सोडून हा व्यवसाय कारखान्यासारखा झाला होता, मात्र कारखान्याला लागू होणारी तपासणी त्याला नव्हती.

धोका कुठे आहे, हे साध्या हिशेबाने कळते. भाजलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर जो ठोकताळा वापरतात त्यानुसार दोन्ही पाय मिळून शरीराच्या त्वचेचा सुमारे ३६ टक्के भाग. शरीराचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरले तर पाय झाले सुमारे ५,४०० चौरस सेंटिमीटर. एम्लाच्या माहितीपत्रकात २० किलोहून जास्त वजनाच्या ७ ते १२ वर्षांच्या मुलासाठी घातलेली कमाल मर्यादा आहे २०० चौरस सेंटिमीटर आणि २० ग्रॅम. प्रौढ माणूस मुलापेक्षा मोठा असतो हे खरे, पण सत्तावीस पट मोठा नसतो. त्यात मलमाची ताकद कितीतरी पट, आणि वर प्लास्टिक. झाकल्याने त्वचा ओलसर व उबदार होते आणि शोषण वाढते. ओरखडे असतील किंवा नुकतेच केस काढलेले असतील तर आणखी.

रक्तात औषध वाढले की आधी ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडात धातूसारखी चव येते, कानात गुणगुण होते, चक्कर येते. पुढे झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. वेळीच ओळखले तर रुग्णालयात शिरेतून मेदाचे पांढरे द्रावण देऊन औषध हृदयापासून ओढून घेण्याचा उपाय आहे. तो उपाय सौंदर्य प्रसाधन केंद्रात नसतो.

यानंतरही प्रश्न संपला नाही. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या मलमात लिडोकेनची मर्यादा ४ टक्के असताना त्याहून तीव्र मलमे टॅटू आणि सौंदर्य उपचारांसाठी विकणाऱ्या सहा कंपन्यांना मार्च २०२४ मध्ये पुन्हा ताकीद द्यावी लागली. दरम्यान, २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका फार्मसीत तयार झालेल्या दूषित स्टेरॉइड इंजेक्शनांनी बुरशीजन्य मेंदूज्वर पसरून ६० हून अधिक जण दगावले. ते प्रकरण मलमाचे नव्हते, पण त्यातून २०१३ चा कायदा आला. चिठ्ठीनुसार मिसळून देणारी फार्मसी आणि ठोक प्रमाणात बनवणारे केंद्र यांना त्याने वेगवेगळे नियम लावले.

लहान बाळांबाबत वेगळी काळजी का?

प्रिलोकेन शरीरात मोडले की ऑर्थो-टोलुइडिन हा पदार्थ तयार होतो. तो हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप बदलतो आणि असे हिमोग्लोबिन प्राणवायू वाहू शकत नाही. तीन महिन्यांखालच्या बाळांत हा बदल परतवणारे विकर पुरेसे नसते, म्हणून ओठ, नखे निळसर पडतात. त्यामुळे या वयात मर्यादा आहे जास्तीत जास्त १ ग्रॅम मलम, १० चौरस सेंटिमीटर जागा आणि एक तास. दहा चौरस सेंटिमीटर म्हणजे दोन टपाल तिकिटांएवढी जागा. बेन्झोकेनमुळेही हाच विकार होतो. दात येताना हिरड्यांना लावायची बेन्झोकेनची जेल दोन वर्षांखालील मुलांसाठी वापरू नयेत, असे अमेरिकी प्रशासनाने २०१८ मध्ये स्पष्ट केले.

भारतात परिस्थिती काय?

‘कंपाउंडर’ हा शब्द मराठीत अजून जिवंत आहे, काम मात्र उरलेले नाही. दवाखान्याच्या खिडकीत लाल-गुलाबी मिक्स्चर ओतून, बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवून ‘एक खूण सकाळी, एक रात्री’ सांगणारी पिढी गेली आणि पत्र्याच्या पाकिटातल्या गोळ्या आल्या. आज बहुसंख्य औषध दुकाने तयार माल विकतात. कायद्याने मात्र मिश्रण करण्याची वाट बंद केलेली नाही. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा, १९४० खालील नियमांनुसार दुकानाच्या जागेत तयार होणारे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच तयार झाले पाहिजे. त्यासाठी किमान कोणती साधने हवीत याची यादी ‘अनुसूची एन’मध्ये आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय इतर कोणी मिसळून देऊ नये, असे फार्मसी कायदा, १९४८ चे कलम ४२ सांगते. महाराष्ट्रात दुकानांचे परवाने आणि तपासणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

लिग्नोकेन आणि प्रिलोकेनच्या समप्रमाणातील तयार मलमाच्या ट्यूब इथे सहज मिळतात, त्यामुळे साध्या कामासाठी ते दुकानात मिसळण्याची गरज क्वचितच पडते. गरज पडते ती रुग्णाला प्रिलोकेन चालत नाही, एखाद्या परिरक्षकाची अ‍ॅलर्जी आहे किंवा जखमेवरचे जेल हवे आहे अशा वेळी. जखमेवरच्या जेलसाठी तर मोठ्या रुग्णालयाचा औषध विभाग हीच योग्य जागा ठरते, कारण तिथे फ्रिज, गडद बाटल्या आणि रोजचा खप तिन्ही असते आणि आठवडाभरापेक्षा जुने जेल शिल्लक राहण्याची शक्यता कमी असते.

टॅटू आणि लेझरच्या दुकानांतील बिनलेबलाच्या डब्या हा वेगळा प्रश्न आहे. मलम कोणी तयार केले, त्यात कोणते औषध किती टक्के आहे, ते कोणत्या तारखेला बनवले आणि कधीपर्यंत वापरायचे, एवढे चार तपशील डबीवर नसतील तर ते अंगाला लावून घेण्यास नकार देता येतो. तयार ट्यूब वापरतानाही किती ग्रॅम, किती जागेवर आणि किती वेळ, हे लावणाऱ्याला विचारावे. वेळ संपल्यावर मलम पुसून काढायचे असते, चोळून जिरवायचे नसते.